बायकांच्या बाजूची कडवी

रविवार, १२ जानेवारी १९३६

आज प्रार्थनेला नऊ माणसं. सात बाप्ये, दोन बाया. बायांत एक आमची सून रूथ, दुसरी फिटर लुकसची बायको, ती मांडीवरच्या पोराला थोपटण्यात गर्क. फादर पुण्याहून दोन-तीन महिन्यांतून एकदा येणार. तोवर या साखर कारखान्याच्या चाळीतल्या पाच कॅथलिक घरांचा मास्तर, घंटा वाजवणारा, गाणं उचलणारा, सगळं मीच. मुलाच्या, योसेफच्या ओट्यावर तरट टाकून बसतो.

जपमाळ झाली. मग मरियामातेचं गाणं घेतलं. पहिली ओळ टाकली आणि सवयीनं थांबलो, समोरून बायका झेलतील म्हणून. कुणी झेलली नाही. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. दुसरी ओळपण मीच म्हटली. पोरकं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ही आतल्या खोलीत खाटेवर. दार उघडं ठेवायला लावते. तिनं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण गाण्याऐवजी खोकला आला.

आमच्या गावी, पानवाडीला, एकट्याच्या गळ्यात गाणं कधी राहिलं नाही. तिथलं देऊळ म्हणजे लांबट, कौलारू पडवीच. उजवीकडं आम्ही, डावीकडं बायका. बायकांच्या बाजूला ही पुढं. हिनं सूर लावला की मागच्या साठ जणी उठत. बाहेर बांधलेली जनावरं कान टवकारत.

विहिरी आटल्या, माणसं कोण मुंबईला, कोण कारखान्यांवर. माझी मिशनशाळा बंद. योसेफला इथं बॉयलरवर काम लागलं, म्हणून नगरकडचं बिऱ्हाड मोडून इंदापूर तालुक्यात आलो. दोन वर्षं झाली. मळीच्या वासाची सवय झाली, या गाण्याची होत नाही.


मंगळवार, २१ जाने.

सर्व्हिस मोटारीनं बारामतीला गेलो, हिला घेऊन. डॉक्टरांनी नळी लावून पुढून मागून तपासलं. मला बाहेर बोलावलं. छाती दोन्हीकडून गेलेली. दूध, अंडी, मोकळी हवा. "बोलणंसुद्धा बेतानं करू द्या," म्हणाले.

आत आल्यावर हिनं त्यांनाच विचारलं, "गानं म्हनलं तर चालंल का?"

डॉक्टर हसले. थट्टा वाटली त्यांना.

मोटार सुटायला वेळ होता. झाडाखाली बसलो. ही म्हणाली, "हसायसारकं काय इचारलं मी?" मी म्हणालो, त्यांना काय ठाऊक आपलं.  संत्रं सोलून दिलं, दोन फोडी खाल्ल्या, बाकीचं रूथसाठी पदरात बांधलं.


रविवार, २ फेब्रु.

फादर आले. मेणबत्त्या आशीर्वादून दिल्या, मिस्सा झाली, हिला खाटेवर प्रसाद दिला. जीव थंड झाला.

नवं गीतांचं पुस्तक आणलंय. छान छापलंय. सगळ्यांनी मिळून, एका चालीत, जमल्यास पेटीवर म्हणायचं. बाप्ये-बाया वेगळे नाहीत. मी चाळून पाहिलं. आमचं एकही नाही त्यात.

फादर जर्मन, त्यांचं मराठी पुस्तकातलं. म्हणाले, "मास्तर, आपल्या वाडीचे ते क्रुसाच्या वाटेचे गीत मी एकदाच ऐकले, परंतु विसरलो नाही. ते कोठेही लिहिलेले नाही. आपण लिहून द्यावे. पुढील आवृत्तीत घालू."

छाती फुगली माझी. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी म्हणायचं ते गाणं. क्रूस घेऊन येशू गेला त्या वाटेवरची चौदा ठाणी, चौदा कडवी. क्रूस मधून चालायचा आणि दोन्ही बाजू भिंतींना पाठ लावून समोरासमोर. बाप्यांनी विचारायचं, बायकांनी उत्तर द्यायचं. टाळ नाही, ढोलकी नाही, नुसते गळे. चाळीस वर्षं बाप्यांची बाजू मी उचलली. माझ्याशिवाय कोण लिहिणार?


सोमवार, ३ फेब्रु.

सकाळी अंघोळ करून लिहायला बसलो. बाप्यांची चौदा कडवी तासाभरात उतरली. एक शब्द अडला नाही.

कुणाच्या दारी चालला राजा, खांद्यावर ओलं लाकूड?

हे पहिलं. खाली उत्तरासाठी दोन ओळींची जागा सोडली. चौदांच्या खाली तशी सोडली. मग पहिल्या जागेत लिहायला टाक बुडवला, आणि काही आलं नाही.

दुसऱ्यात बघू म्हटलं. नाही. पाचवं, नववं. चाल येते, स्वच्छ येते. शब्द नाहीत. कुठं 'माय', कुठं 'पदर', असं सुटं सुटं. दौत वाळेपर्यंत बसलो होतो.

बायका म्हणत तेव्हा मी काय करत असे? दम खात असे. पुढच्या कडव्याची पहिली ओळ जुळवत असे. कोण डुलक्या घेतंय, कुणाचं पोर देवळातून बाहेर पळालं, ते बघत असे. ही समोर, पाच हातांवर उभी राहून चाळीस वर्षं मला उत्तर देत होती आणि मी ऐकलंच नाही.

दुपारी हिच्यापाशी गेलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बायकांचं पहिलं काय गं?"

"येत न्हाय तुमाला?"

"विसरलो."

"इसरायला आदी यावं लागतंय." मग म्हणाली, "मला तुमची चौदाच्या चौदा येत्यात. म्हनून दावू?"

आणि म्हणायला लागली. माझी कडवी, माझ्या ठेक्यात, मी जिथं आवाज ओढतो तिथं ओढून. तिसऱ्यापाशी खोकल्यानं थांबली. मी म्हणालो, पुरे. मला तिथं बसवेना.


रविवार, ९ फेब्रु.

तिसऱ्या चाळीत मिशनवाल्यांची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची, चार घरं. रूथ त्यांच्यातली, लग्नाच्या वेळी आमच्यात आली. तिचा भाऊ पेटी बरी वाजवतो. संध्याकाळी त्यांचं भजन रंगलं होतं. आम्ही त्यांच्यात जाऊन बसायचं नाही असा नियम, मीच सगळ्यांना बजावत असतो. काठी घेऊन नळाकडं गेलो आणि उगाच उभा राहिलो. पाणी गेलेलं होतं.

सगळे एकदम म्हणतात. म्हातारे, बाया, पोरं. बेसूर पण पोटातून. मला वाडी आठवली आणि रागही आला. राग कुणाचा ते सांगता येत नाही.

परत आलो तर ही म्हणाली, "नळाला पानी आलं व्हतं का?" चेहऱ्यावर हसू लपत नव्हतं.


शनिवार, १५ फेब्रु.

गेले दहा-बारा दिवस रोज विचारतो. आज चिडली.

"मी मेल्यावर कामाला येईल म्हनून लिवून घेताय नव्हं?"

मी म्हणालो, तसं नाही. पण तसंच होतं. तिलाही कळलं, मलाही.

रूथनं पेज आणली, ती अर्धी पिऊन झाल्यावर आपणहून बोलली. अटी सांगितल्या, त्या इथं टिपून ठेवतो. उपासातल्या शुक्रवारीच म्हणणार, एरवी हे गाणं तोंडात घ्यायचं नसतं. एका शुक्रवारी दोन कडवी. मी माझं कडवं उभं राहून, वाडीत म्हणायचो तसं मोठ्यानं म्हणायचं, मगच ती उत्तर देणार. आणि कागद-पेन्सिल नाही. आत्ता नाही, मागाहूनही नाही.

"का?"

"लिवलं की तुमी कागदाकडं बगनार. माज्याकडं बगा. चाळीस वर्सं ऐकलं न्हाय, आता ऐका."

मी शब्द दिला. लिहिणार नाही.

मग पंचांग काढलं. राखेच्या बुधवारी उपास लागतो, तिथपासून प्रभू क्रुसावर गेला त्या उत्तम शुक्रवारपर्यंत सात शुक्रवार. सात दुणे चौदा. हिनं आधीच मोजलेलं होतं.

"डॉक्टर बोलूसुद्धा नको म्हणालेत," मी म्हणालो. "तेला काय गायचं हाय?" म्हणाली.

तिच्या छातीचा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला. लगेच फादरांच्या पुस्तकाचा आला. हेही लिहून ठेवतो.


राखेचा बुधवार, २६ फेब्रु.

फादर नाहीत, त्यामुळं राख नाही. चुलीतली चालत नाही, मी रूथला समजावून सांगत होतो. तेवढ्यात हिनं तिच्याकडून चिमूटभर मागवून कपाळाला लावलीसुद्धा. "द्येवाला कळतंय कुटली हाय ती," म्हणाली.


शुक्रवार, २८ फेब्रु.

दुपारी तीनला. योसेफ पाळीवर, रूथ दळणाला गेलेली. हिला उशी लावून बसवलं. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. लाज वाटत होती, रिकाम्या खोलीत दोनच माणसं. पहिलं कडवं म्हटलं. शेजारची कवाडं उघडली.

मग हिनं उत्तर दिलं.

ते काय होतं ते इथं लिहीत नाही. शब्द दिलाय. एवढंच लिहितो की आम्ही राजाला विचारतो आणि मला आजवर वाटत होतं उत्तर राजाच देतो. नाही. उत्तर देते ती वाटेच्या कडेला उभी असलेली एक बाई. चौदाही ठिकाणी तीच. मला माहीत नव्हतं. पोरांना तीस वर्षं मी या गाण्याचा अर्थ शिकवलाय.

आवाज बारीक झालाय, सूर जागच्या जागी. दुसरं झाल्यावर आडवी झाली. संध्याकाळी ताप.


शुक्रवार, ६ मार्च

तिसरं, चौथं. त्याआधी मागच्या दोन्हींची परीक्षा घेतली माझी. पहिलं आलं. दुसऱ्याचा शेवट निसटला होता. मी 'उन्हात' म्हणालो, तिनं मान हलवली. पुन्हा म्हणून दाखवलं, म्हणजे दोनाऐवजी तीन झाली. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. फडक्यावर लाल. रूथनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

माझ्या डोक्यात राहत नाही. पोरांकडून पाढे पाठ करून घेतले, स्वतःला दोन ओळी राहत नाहीत. माझं कडवं म्हणताना अंगात येतं, धाप लागते, आणि ती म्हणेपर्यंत कान तापलेले. पुन्हा पुन्हा तिला म्हणायला लावणं म्हणजे मारणंच.


गुरुवार, १२ मार्च

एक तोड सुचली. मी लिहिणार नाही असा शब्द दिलाय. रूथनं लिहू नये असं कुठं ठरलंय? ती तिसरी शिकलेली, अक्षर ठीक. उद्या ती दाराआड पाटी घेऊन बसेल. हिला त्रास नको म्हणूनच हे.

रूथ म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंना सांगून करूया की." मी म्हणालो, तुला सांगतोय तेवढं कर.


शुक्रवार, १३ मार्च

पाचवं झालं. सहावं चाललं होतं. मधेच दाराआड पाटीवरची पेन्सिल कचकन वाजली.

ही थांबली नाही. सहावं पुरतं केलं. मग म्हणाली, "रूथ, आत ये."

ती पाटी घेऊन आली. बिचारीचं तोंड उतरलेलं. हिनं पाटी मागितली. वाचता येत नाही हिला, तरी बराच वेळ बघत होती. मग पदरानं पुसली. 

मला म्हणाली, "तुमी न्हाय लिवलं. व्हय ना?"

मी म्हणालो, नाही.

"मास्तर हाय तुमी," म्हणाली आणि भिंतीकडं वळली. सगळं आयुष्य लोक मला मास्तर म्हणतात. असं कुणी म्हटलं नव्हतं.


शुक्रवार, २० मार्च

तीन वाजता भिंतीला उभा राहिलो. सातवं म्हटलं. ही पाठमोरी. थांबलो, जेवढा वेळ उत्तराला लागतो तेवढा. मग आठवं म्हटलं. पुन्हा थांबलो. खिडकीतून उसाच्या गाड्यांची रांग दिसत होती, बैल बसलेले. काही नाही.

एक शुक्रवार गेला.


रविवार, २२ मार्च

योसेफनं मला ओट्यावर गाठलं. "आबा, गाणंबिणं बंद करा. तिला आता दोन पावलं चालवत नाही." मी म्हणालो, मी कुठं म्हणतोय. "तुमचं पुस्तक नंतर होईल," म्हणाला. नंतर म्हणजे कधी हे त्याला कळत नाही, की कळतं आणि म्हणूनच म्हणाला.

दुपारी रूथ हिचे केस विंचरत होती. दोघी हळू काहीतरी बोलत होत्या. मी गेलो तर गप्प. मी म्हणालो, चुकलं माझं. योसेफच्या जन्मापासून आजपर्यंत हे वाक्य मी हिला म्हटल्याचं आठवत नाही.

ही म्हणाली, "तिला कशाला मदी घातलं? तिला पायजे असंल तर ती मागंल." आणि मग, "शुक्कारी उबं ऱ्हावा. पर दाढी करून. असं दरिद्री तोंड घिऊन द्येवाम्होरं उबं ऱ्हात्यात व्हय?"


शुक्रवार, २७ मार्च

दाढी केली. सातवं, आठवं.

आठव्या ठाण्याला यरुशलेमच्या बाया रडतात. तिथं वाडीत सगळ्या बायका खरोखर रडत. मला नेहमी वाटे, यांचं रडणं गाण्याच्या आड येतं, सूर पडतो. एकदा तसं बोललोही होतो देवळात, सगळ्यांसमोर. आज उत्तर नीट ऐकलं. त्यात रडू नका असंच सांगितलंय. म्हणून रडत होत्या.

आज हिचा सूर पडला. मी काही बोललो नाही. माझाही पडला.


शुक्रवार, ३ एप्रिल

नववं. दहावं नाही.

माझं दहावं म्हणून झालं होतं. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, ओठ हलले. मी पुढं झालो, कान तोंडाशी नेला. नुसती हवा. ती पूर्ण म्हणत होती, ओठ शेवटपर्यंत हलत होते. तिनं उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही.

डोळ्यांनी विचारलं, आलं का? मी मान डोलावली. खोटी. का डोलावली?


शनिवार, ४ एप्रिल

फादरांना तार केली. पवित्र आठवड्यात त्यांना कुठं सवड. तरी केली.

हिनं आज खुणेनं पाणी मागितलं, तीनदा. बाकी काही नाही. योसेफ रजा टाकून घरी.


मंगळवार, ७ एप्रिल

ही दुपारी दीडला गेली. मी, योसेफ, रूथ जवळ. शेवटची प्रार्थना मी म्हटली. फादर नाहीत, शेवटच्या अभिषेकाचं तेल नाही.

अजून खाट काढलेली नाही.


बुधवार, ८ एप्रिल

काल लिहवलं नाही फार.

आज सकाळी ओढ्यापलीकडं माती दिली. खांद्याला माणसं पुरली, गाण्याला पुरली नाहीत. मी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडलो. योसेफनं दोन ओळी ओढल्या.  मग नुसता फावड्यांचा आवाज.

मिशनवाले मागं उभे होते, बायकापोरांसकट. रूथचा भाऊ माझ्यापाशी आला. "मास्तर, तुमची हरकत नसेल तर आमी म्हनू का?" मी नियम सांगितला नाही. मान हलवली. त्यांनी म्हटलं, त्यांचं, त्यांच्या चालीत, पेटीशिवाय. बाया पुढं होत्या. चांगलं म्हणाले, पोटातून.

जिच्यामागं साठ बायका उठत, तिला दुसऱ्यांनी गाऊन पोचवलं. त्यांचे उपकार. पण मला फार लागलं.


उत्तम शुक्रवार, १० एप्रिल

तीन वाजता सगळे ओट्यावर आले. अकरा माणसं. योसेफनं लाकडाचा क्रूस केला होता. तो म्हणाला, "आबा, सुरू करा."

मी म्हणालो, "तू कर. तुला बाप्यांची येतात." वाडीत लहानपणी माझ्या शेजारीच उभा राहायचा तो. मी उठलो आणि पलीकडं, रूथ आणि लुकसच्या बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बायकांच्या बाजूला. लुकस बघत राहिला. कुणी हसलं नाही.

योसेफनं पहिलं म्हटलं. मी उत्तर दिलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. आईची उत्तरं बापाकडून येताना त्यानं कधी ऐकली होती?

नऊ झाली. एकही चुकलं नाही. दहावं योसेफनं म्हटलं. मी गप्प उभा राहिलो. तो तेवढा वेळ थांबला, मग क्रूस पुढं सरकला. अकरावं. गप्प. चौदापर्यंत तसंच. पाच वेळा. लोकांना वाटलं असेल म्हातारा रडतोय. मी रडत नव्हतो. दहाव्याला तिचे ओठ कसे हलले ते आठवत होतो. पहिल्यांदा ओठ मिटून उघडले होते, म्हणजे प किंवा म. बाकी काही लागत नाही.

२० मार्चचा शुक्रवार मी घालवला नसता तर सातवं-आठवं तेव्हा, नववं-दहावं २७ ला झालं असतं. तेव्हा आवाज होता तिला. अकरावंही मिळालं असतं कदाचित. पाटीवरच्या एका पेन्सिलीनं घालवलं. आणि दुसरं असं की मुळात गाऊच दिलं नसतं, तर ती ईस्टर बघती का? योसेफ तसं बोलत नाही. एकदा बोलला तर बरं होईल.


रविवार, १९ एप्रिल

फादर आले. कबरीवर जाऊन आशीर्वाद दिला, पाणी शिंपडलं. तार त्यांना उशिरा मिळाली. बराच वेळ माझा हात धरून बसले.

मग गाण्याचं विचारलं. बाप्यांची चौदा त्यांच्या हाती दिली. "उत्तरे?"

सगळं सांगितलं, पाटीसकट. म्हणालो, नऊ मला येतात, पण लिहिणार नाही असं तिला बोललोय. पाच कुणालाच येत नाहीत. पानवाडीच्या बायका कुठं कुठं पांगल्या, पत्ते नाहीत.

फादर म्हणाले, "असे वचन मोठ्या हितासाठी सोडविता येते. त्याचा अधिकार मला आहे. आपण म्हणाल तर आत्ताच मोकळे करतो."

एका शब्दाचं काम होतं. तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला सांगतो." त्यांनी चौदा प्रश्नांचे कागद घडी करून बॅगेत ठेवले. नुसते प्रश्न छापून काय करणार कोण जाणे.

ते गेल्यावर रूथ भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मामंजी, मला शिकवाल का? ती नऊ?" मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं मागायला? "कुणी न्हाय. मीच मागतेय."

शिकवीन म्हणालो. पण उपासातल्या शुक्रवारीच. एरवी तोंडात घ्यायचं नसतं. तिनं पंचांगाकडं बघितलं. पुढचा राखेचा बुधवार फेब्रुवारीत. "तोवर तुमच्या ध्यानात ऱ्हातील?" तिनं वाईट हेतूनं विचारलं नाही.

"राहतील," मी म्हणालो.


रविवार, २६ एप्रिल

प्रार्थनेला आठ. मरियामातेचं गाणं झालं. दुसरी ओळ रूथनं झेलली. बिचकत झेलली, चाल थोडी मिशनची लागली. मी सुधारली नाही.

दुपारी खाटेच्या जागी चटई टाकून पडलो आणि मनात नऊ म्हणून पाहिली, आवाज न करता. एवढं चालत असावं. पहिलं आलं, दुसरं शेवटासकट आलं. तिसऱ्याला माझं कडवं म्हणून थांबलो आणि पुढं काही नाही. ती बाई वाटेच्या कडेला उभी आहे, तोंड उघडतेय, एवढं दिसतं. उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा पहिल्यापासून आलो. पुन्हा तिसऱ्यालाच.

चौथ्यापासून नवव्यापर्यंत सगळी आली. ती तरी आत्ता लिहून काढावीत म्हणून वही उघडली. हीच वही. आजचं एवढं लिहिलं, तीन तास झाले, त्या कडव्यांतली एक ओळ उतरवलेली नाही. फादर जूनमध्ये येणार.

संध्याकाळ झाली. तिसरं अजून आलेलं नाही.